नाव शेवटी वाचायचं

आमच्या कुरेतानीच्या देवळात शरदातल्या उत्सवाला दोन तलवारी बाहेर काढतात. देवाच्या उजव्या अंगाला एक, डाव्या अंगाला एक. उजवीकडच्या तलवारीपुढे पुजाऱ्यांनी छापून घेतलेलं कार्ड असतं. डावीकडच्या तलवारीपुढे हातानं लिहिलेली चिठ्ठी असते. तिच्यात लिहिलंय, 'या तलवारीवर घडवणाऱ्याचं नाव होतं. ते खरं होतं. मी ते खोटं ठरवलं आणि कानसेनं घासून काढलं. कुसाका तोमेजी, तलवारींना धार लावणारा.'

हा तोमेजी म्हणजे माझा नवरा. उत्सवाला आलेले लोक आधी चिठ्ठी वाचतात, मग वळून माझ्याकडे बघतात. अकरा वर्षं हेच चाललंय. कित्येक जण तर एवढं करून तलवार बघायचंच विसरतात.

हे गेले या फेब्रुवारीत, त्र्याऐंशीव्या वर्षी. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकले आणि पुढच्याच आठवड्यात देवळाचा नवा पुजारी घरी आला. माणूस भला आहे, पण बोलायच्या आधी चार वेळा वाकतो. वाकून झाल्यावर म्हणाला, "आजी, आजोबा आता नाहीत. या वर्षापासून ती चिठ्ठी काढून ठेवावी म्हणतो. गेलेल्या माणसाची चूक किती दिवस चारचौघांत मांडायची?"

मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. अकरा वर्षं मीच यांच्या मागे भुणभुण लावली होती, की काढा ती चिठ्ठी, आणि काय शोभा करून घ्यायचीय. पण त्या दिवशी मी म्हणाले, "नोबुएला विचारायला हवं. तलवार तिच्या वडिलांनी सांभाळलेली." पुजारी पुन्हा चार वेळा वाकून गेला. आणि मी नोबुएकडे जायचं आज करू, उद्या करू असं म्हणत एप्रिलचा ऑक्टोबर केला. का केला, ते सांगते. त्याच्या आधी यांच्याबद्दल चार गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर चिठ्ठीतल्या त्या तीन वाक्यांवरून तुम्ही आमच्या माणसाचं माप काढाल.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा आठ दिवस मला वाटत होतं, नवरा मुका आहे की काय. सकाळी उठावं, पाण्याच्या बादलीसमोर बुटक्या फळकुटावर बसावं, दगडावर पातं पुढे-मागे, पुढे-मागे करावं. एक पातं म्हणजे दहा-बारा दिवस. जेवायला हाक मारली की "हं." सारात मीठ जास्त पडलंय का विचारलं की "हं." पुढे मला कळलं की या हुंकाराचे तीन प्रकार आहेत. आखूड असेल तर वस्तू बरी आहे. लांबला तर वस्तू वाईट आहे, पण माणसाला कसं सांगावं याचा विचार चाललाय. आणि नाकातून आला तर वस्तू उत्तम आहे, आता चार दिवस यांना जेवणाची शुद्ध राहणार नाही. हसताना मात्र मी यांना कधी पाहिलं नाही. घरातलं हसणं-बोलणं-ओरडणं सगळं माझ्याच अंगावर पडलं.

लोक दूरदूरच्या खोऱ्यांतून तलवारी घेऊन यायचे. आजोबा गेले, माळा आवरताना सापडली, बघा तरी काय आहे. मग प्रत्येकाची तलवार कुठल्या तरी सरदाराची असायचीच. हे ऐकून घ्यायचे. मग तलवारीला वाकून नमस्कार करायचे, पातं बाहेर काढायचे आणि पहिली गोष्ट काय करायचे, तर मुठीवर एक फडकं टाकायचे.

ते का, ते सांगते. मुठीच्या आत पोलादाचं शेपूट असतं. बांबूची खीळ ठोकून काढली की मूठ सुटते आणि ते उघडं पडतं. घडवणारा आपलं नाव छिन्नीनं तिथंच कोरतो. त्या शेपटावरचा काळा गंज कधी पुसायचा नाही, कारण तलवारीचं वय त्यातच असतं. आता नाव तिथं आहे म्हटल्यावर कुणालाही वाटेल, मूठ काढावी, नाव वाचावं, संपलं काम. पण मोठ्या कारागिरांची नावं वाटेल त्यानं वाटेल त्या तलवारीवर कोरून ठेवलीयत, तीनशे-तीनशे वर्षांपूर्वीच. म्हणून माझ्या सासऱ्यांची सक्त शिकवण होती: आधी पात्याचा बाक बघायचा, मग पोलादाचा पोत, मग धारेला पाणी दिल्याची पांढरी लहर. हा कुणाचा हात आहे ते मनाशी ठरवायचं, आणि तोवर मुठीकडे हात जाऊ नये म्हणून ते फडकं. नाव शेवटी वाचायचं. नाव आधी वाचलं की डोळा त्या नावाच्या तालावर नाचतो, असं सासरे म्हणायचे. यांनी तो नियम उभा जन्म पाळला. एकदा मोडला.

स्वभावाचं एक उदाहरण देते. पलीकडच्या गावातली एक विधवा नवऱ्याची तलवार घेऊन आली होती. सहाशे वर्षांची आहे म्हणाली. ती होती लढाईच्या काळातली, कारखान्यात शेकड्यांनी पाडलेली. यांचा हुंकार असा लांबला की मी स्वयंपाकघरातच ओळखलं. शेवटी म्हणाले, "बनवणाऱ्यानं फार घाईत बनवलीय, बाई. पण तुमच्या यजमानांनी लवंगेचं तेल नेमानं लावलंय. चाळीस वर्षांत एक ठिपका नाही. इतकी जपलेली तलवार माझ्याकडे क्वचित येते." बाई डोळे पुसत गेली, तलवार छातीशी धरून. खोटं एक अक्षर बोलले नाहीत, आणि तिचं मनही मोडलं नाही. असा माणूस होता.

आता यासाबुरो आजोबांकडे वळते. नोबुएचे वडील. देवळाची झाडलोट, दिवाबत्ती, उत्सवाची मांडामांड हे सगळं त्यांच्या घराण्याकडे होतं. देवळात हिदेओकी नावाच्या कारागिरानं घडवलेल्या दोन तलवारी होत्या, जोडीच्या. लढाई हरलो त्या वर्षी फर्मान निघालं, घराघरांतल्या तलवारी गावच्या शाळेत आणून जमा करा. अमेरिकनांचा ट्रक येऊन घेऊन जाणार. यादी लिहायचं काम माझ्या सासऱ्यांकडे आलं आणि त्यांनी ते यांच्या गळ्यात घातलं. हे तेव्हा एकोणीस वर्षांचे. गावभरच्या तलवारी मोजून लिहिल्या. देवळाच्या पुजाऱ्यांनी पांढऱ्या कापडात शिवलेल्या दोन लांब वस्तू आणून ठेवल्या, यांनी लिहिलं, 'देऊळ, दोन.' देवाची वस्तू म्हणून शिवण कुणी उसवली नाही.

पुढे तीन-चार वर्षांनी यासाबुरो आजोबा सांगायला लागले की त्यातली एक अमेरिकनांना मिळालीच नाही. म्हणे, आजोबांनी आदल्या दिवशी कापडातून ती काढून घेतली, तिच्या जागी तेवढ्याच लांबीची लोखंडी सळई शिवली आणि तलवार आपल्या सोयाबीन साठवायच्या माळ्यावर लपवली. देवळात परत का देत नाही, असं विचारलं तर म्हणायचे, "पुजाऱ्यांनी दोन्ही दिल्या असं सहीनिशी लिहून दिलंय. मी एक परत केली तर ते खोटे पडतील. ते हयात आहेत तोवर नाही." पुजारी नव्वदी गाठून गेले. तोवर आजोबांची ही गोष्ट गावात इतक्या वेळा सांगून झाली होती की गावाच्या सार्वजनिक न्हाणीघरात ते शिरले की लोक एकमेकांना कोपरानं ढोसायचे. कुणी म्हणे जुन्या बाजारातून आणलीय. कुणी म्हणे तलवारच नाही, सळईच आहे. 'सळईवाले आजोबा' हे नाव कुणी पाडलं ते मी सांगत नाही, पण ते आमच्या घरात खूप चालायचं.

नोबुएला हे सगळं ऐकू यायचं. टोफूचं दुकान तिचं, गावातली सगळी बोलणी काउंटरवरून जायची. ती तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची, नवरा गेल्यावर वडिलांपाशी परत आलेली. बाप अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला तेव्हा तिनं ठरवलं, एकदा काय ते होऊन जाऊ दे. तलवार खाली काढली, पोलिसांत रीतसर कळवलं, ओकायामा शहरात नेऊन नोंदणी केली. नोंदणीवाले खरं-खोटं बघत नाहीत, शेपटावर कोरलंय ते उतरवून घेतात. कागदावर आलं, 'नाव: हिदेओकी.' आणि तिनं यांना निरोप पाठवला, मंगळवारी नऊ वाजता बाबांना घेऊन येते. तुम्ही सांगाल ते गाव मानतं.

मंगळवारी सकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. भात, मिसोचं सार, मुळ्याचं लोणचं. हे सार पीत होते. मी आपली नेहमीसारखी सुटले. म्हणाले, "आज सळईवाले आजोबा थापांचं गाठोडं घेऊन येतायत हो. धार लावून द्या त्याला, बोथट झालं असेल एवढी वर्षं." आणि हसले. मी हसते ती काही तोंडावर हात ठेवून हसत नाही, माझ्या आईनं त्यावरून मला पुष्कळ बोलणी घातलीयत. हे म्हणाले, "हं." कुठल्या प्रकारचा होता तो हुंकार, ते मला आजही सांगता येत नाही. तेवढ्यात बाहेर फाटक वाजलं. नऊ वाजायला अजून वीस मिनिटं होती.

मी चहा घेऊन गेले तेव्हा जे पाहिलं ते तसंच्या तसं आठवतं. यांनी नमस्कार केला, पातं म्यानातून काढलं आणि सरळ खिळीला हात घातला. फडकं टाकलं नाही. पातं उजेडाकडे धरलंसुद्धा नाही. मूठ काढली आणि शेपूट बघितलं. माझ्या मनात आलंही, आज नियम कुठं गेला. पण मी पाहुण्यांपुढे चहा ठेवला आणि आत आले. कान मात्र दाराशी होते.

हे म्हणाले, "हिदेओकीचं नाव आहे. पण आतल्या अंगाला कोरलंय. हिदेओकीनं नाव कायम बाहेरच्या अंगाला कोरलं, तलवार कमरेला लावली की लोकांना दिसते त्या बाजूला. आजवर एकही वेगळी सापडली नाही. कुणीतरी नावाचा कागदावरचा छाप बघून नक्कल करायला गेला आणि बाजू चुकला."

आजोबा म्हणाले, "देवळातल्या जोडीतली आहे ती. मी माझ्या हातानं काढली."

"जोडी शाळेत जमा झाली, आजोबा. यादी मीच लिहिली. देऊळ, दोन."

 मग आजोबा म्हणाले, "मग ते नाव काढून टाक. हिदेओकीचं खोटं नाव घरात ठेवून मला मरायचं नाही."

नोबुए म्हणाली, "बाबा, राहू दे ना. कुणाचं काय जातंय?"

"काढ म्हणतो ना, तोमेजी."

आमच्या धंद्यात ही रीतच आहे. नाव खोटं ठरलं की घासून काढायचं, म्हणजे तलवार निदान स्वतःच्या नशिबानं उभी राहते. यांनी आधी नेहमीप्रमाणे शेपटावर पातळ कागद ठेवून शाईचा छाप घेतला आणि दुपारी कानस काढली. तो आवाज घरभर येत होता. अर्ध्या तासाचं काम. संपल्यावर पातं पुसायला घेतलं, आणि तेव्हा पहिल्यांदा यांनी ते उजेडाकडे धरलं. धरलं ते धरलंच. मी विचारलं, "काय हो?" म्हणाले, "पोलाद चांगलं आहे." नाकातून हुंकार आला. मला तेव्हाच धस्स व्हायला हवं होतं. नाही झालं. मी म्हणाले, "नक्कल करणारा हुशार असेल." तो छाप यांनी बाकीच्या छापांच्या गठ्ठ्यात ठेवला नाही, वेगळ्या खणात ठेवला.

नोंदणीच्या कागदावर दुरुस्ती होऊन आली, 'नाव नाही.' गावात बातमी पसरायला एक दिवस पुरला. यासाबुरो आजोबांनी ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही. न्हाणीघरात यायचे, अंग शेकायचे आणि निघून जायचे. त्या शरदात पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते उत्सवाची मांडामांड करायला आले नाहीत. जानेवारीत गेले. आम्ही दोघं भेटायला गेलो तेव्हा ती तलवार देवघरापाशी होती, आणि तिच्यावर एक जुनं चादरीचं कापड टाकलेलं होतं. नोबुएनं आम्हाला चहा दिला.

त्यानंतर एकोणीस वर्षांनी देवळाचं छप्पर उतरवलं. सुतारांना गाभाऱ्याच्या छतावर तेलकट कागदात गुंडाळलेलं एक लांब काहीतरी सापडलं. पोलीस आले, आणि पोलिसांनी यांना बोलावलं. मीही गेले, कारण वय झाल्यावर यांना एकटं सोडायची माझी तयारी नसायची. सगळं गाव अंगणात. यांनी नमस्कार केला, पातं काढलं, मुठीवर फडकं टाकलं आणि बघायला लागले. बाक बघितला. पोत बघितला. आणि यांचा चेहरा उतरत गेला. मला म्हणाले, "किनुए, हे पोलाद मी पाहिलंय." मग मूठ काढली. हिदेओकी. बाहेरच्या अंगाला.

काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. जुन्या पुजाऱ्यांनीही तेच केलं होतं. एक तलवार त्यांनी काढून छतावर लपवली आणि सळई शिवली. दुसरी यासाबुरोंनी काढली आणि सळई शिवली. दोघांनी एकमेकांना पत्ता लागू दिला नाही, जन्मभर एकाच देवळात उठत-बसत असून. अमेरिकनांना दोन सळया गेल्या. ट्रकवाल्यांनी त्यांचं काय केलं असेल, हे आठवून एरवी मी पोट धरून हसले असते.

घरी येऊन यांनी तो वेगळ्या खणातला छाप काढला. दुसऱ्या दिवशी देवळात त्या तलवारीशेजारी ठेवला. छिन्नीचा हात तोच. आणि मग सरळ दिसलं. जोडी माणसाच्या कमरेसाठी नव्हतीच. ती देवाच्या दोन्ही अंगांना, दोन्हींच्या धारा बाहेरच्या बाजूला करून उभी राहायची. दोन्हींची नावं समोरच्या माणसांकडे तोंड करून हवीत, तर एकीवर बाहेरच्या अंगाला कोरायला हवं आणि दुसरीवर आतल्या. हिदेओकीनं अख्ख्या आयुष्यात एकदाच नाव उलट्या अंगाला कोरलं, आणि ते यांनी घासून टाकलं. पोत आधी बघितला असता तर हा हात त्याचाच आहे हे यांना सांगावं लागलं नसतं. यासाबुरो आजोबा जन्मभर खरं बोलत होते.

त्याच दुपारी हे नोबुएच्या दुकानात गेले. मी बाहेर उभी होते. टोफूच्या दुकानाची फरशी सदा ओली. त्या पाण्यात हे गुडघे टेकून बसले आणि कपाळ फरशीला लावलं. बहात्तर वर्षांचा माणूस.

"उठा," नोबुए म्हणाली, "पाणी आहे तिथं."

यांनी बसूनच सगळं सांगितलं. ती टोफूच्या वड्या कापत होती, ती कापतच राहिली. मग म्हणाली, "छाप आहे म्हणता ना तुमच्यापाशी. मग त्यावरून पुन्हा कोरून द्या. तुमचा हात चांगला आहे."

"येईल कोरता. हुबेहूब येईल. पण ते मी कोरलेलं असेल, नोबुएबाई. मग मात्र ते खोटं नाव होईल."

तिचा हात थांबला. म्हणाली, "एवढ्या चुका असतात जगात. निस्तरता येणार नाही अशीच नेमकी हुडकून काढलीत." ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर यांना सोपं गेलं असतं. मग तिनं हात पुसले, आतून तलवार आणली आणि देवळात पोचवायला यांच्या हातात दिली. छाप स्वतःसाठी मागून घेतला. तो तिनं वडिलांच्या फोटोखाली लावलाय. चिठ्ठी लिहा असं तिनं सांगितलं नव्हतं. ते यांचं यांनी ठरवलं. दर वर्षी उत्सवाला जाऊन हे त्या चिठ्ठीशेजारी दिवसभर उभे राहायचे आणि कुणी विचारलं तर पहिल्यापासून सांगायचे. बोलायचा कंटाळा असलेला माणूस. पण त्या सांगण्यात सकाळच्या जेवणाची गोष्ट कधी आली नाही. घरातही नाही. मला अकरा वर्षं वाटत होतं, ती ते विसरले. नाही तर त्यांच्या लक्षातच आली नसावी.

मी विसरले नव्हते. या माणसानं सत्तावन्न वर्षांत एकदा नियम मोडला, तो मी कानात थाप-थाप असं भरल्यावर अर्ध्या तासात. पातं हातात घेण्याआधीच त्यांनी निकाल ऐकला होता, माझ्या तोंडून, लोणच्याबरोबर. मी दर वर्षी ठरवायचे, आज बोलते. आणि दर वर्षी म्हणायचे, काढा ती चिठ्ठी. आता ऐकायला ते नाहीत, आणि मला भयंकर बोलायचंय.

शेवटी परवा गेले नोबुएकडे. दुकान बंद केलंय तिनं, पंचाहत्तरची झाली. पडवीत बसून काळ्या सोयाबीनच्या शेंगा सोलत होती. पुजारी काय म्हणाला ते सांगितलं.

"तुझं काय म्हणणं, वहिनी?"

"राहू दे म्हणते. पण तिच्यात एक ओळ वाढवायचीय."

"कसली?"

मी लिहूनच नेली होती. पण कागद काढायच्या आधी तीच म्हणाली, "मी एकदा विचारलं होतं त्यांना. पहिल्या वर्षी, चिठ्ठीपाशी. म्हटलं, त्या दिवशी तुम्ही पातं न बघताच मूठ का काढलीत? म्हणाले, त्या सकाळी मी तुमच्या वडिलांना हसलो होतो."

माझ्या हातातला कागद हातातच राहिला. म्हणजे त्यांच्या लक्षात होतं. अकरा वर्षं लक्षात होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या नावावर घातलं होतं.

"नोबुए," मी म्हणाले, "ते हसले नव्हते. ते सार पीत होते. हसले मी."

"ठाऊक आहे."

"कसं ठाऊक?"

"त्यांना हसताना कुणी पाहिलंय का, वहिनी?" तिनं शेंगेतले दाणे वाडग्यात टाकले. "आणि आम्ही लवकर आलो होतो. फाटकाशीच होतो. तुझा आवाज काय लहान आहे?"

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "आजोबा?"

"माझ्या पुढेच उभे होते. मी म्हटलं, बाबा, परत जाऊ या. तर म्हणाले, आलोच आहोत तर दाखवून जाऊ. आणि त्यांनीच फाटक ढकललं."

मी रडले, ते लपवत नाही. नोबुए शेंगा सोलत होती. थोड्या वेळानं तिनं हात पुढे करून माझ्याकडचा कागद घेतला, लांब धरून वाचला. 'त्या सकाळी हसले ती मी. कुसाका किनुए.' घडी घालून परत दिला आणि म्हणाली, "लाव."

मग तिनं शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली, आणि मी सोलायला बसले.